भिंतीआडची काच

वापरलेल्या अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया करून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढले की नायट्रिक आम्लात विरघळलेले एक द्रव मागे उरते. इंधनातली जवळजवळ सगळी किरणोत्सारिता या द्रवातच असते. ते वर्षानुवर्षे टाक्यांत ठेवणे धोक्याचे, म्हणून बोरोसिलिकेट काचेच्या घटकांसोबत वितळवून त्याची काच बनवतात आणि ती पोलादी डब्यांत, म्हणजे कॅनिस्टरांत, ओततात. हेच काचीकरण. सीझियम, स्ट्रॉन्शियम वगैरे मूलद्रव्ये या काचेत अडकलेल्या खड्यांसारखी नसतात; रंगीत बांगडीत रंग मुरलेला असतो तशी ती काचेच्या रचनेतच मुरतात. महाराष्ट्रात तारापूर आणि ट्रॉम्बे या दोन्ही ठिकाणी हे काम चालते.

बांगड्यांच्या भट्टीवरचा कारागीर रसाचा रंग बघून, सळईला किती रस चिकटतो ते बघून भट्टीचा अंदाज घेतो. इथे ती सोय नाही. मीटरभराहून जाड काँक्रीटच्या भिंतींआड भट्टी असते. शिसेयुक्त काचेच्या खिडकीतून बघायचे आणि यांत्रिक हातांनी काम करायचे. खिडकीतून भट्टीचे बाहेरचे अंग दिसते, आतला रस नाही. तो कसा आहे हे तापमान, विजेचा रोध, दाब आणि वजन यांवरून ओळखावे लागते.

तापमानासाठी थर्मोकपल वापरतात. निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या बंद नळीत, वेगवेगळ्या उंचीवर बसवलेली थर्मोकपलची टोके रसात सोडलेली असतात. त्यांचे आकडे एकावर एक मांडले की रसाची पातळीही कळते, कारण रसात बुडालेले टोक आणि वरच्या वाफेतले टोक यांच्यात मोठा फरक पडतो. दुसरी युक्ती नळीतून वायू सोडण्याची. रसाच्या तळाशी बुडबुडे काढायला लागणारा दाब आणि रसावरच्या पोकळीतला दाब यांतल्या फरकावरून रसाची खोली काढतात. दोन्ही साधनांचा शत्रू एकच: सुमारे हजार अंशांवरची ही काच धातू खात जाते, आणि थर्मोकपलचा आकडाही काळाच्या ओघात हळूहळू सरकतो.

सिरॅमिक भट्टीत काच स्वतःच विजेची वाहक असते. थंड काच विजेला अडवते. तारांचे जुने इन्सुलेटर काचेचे असत ते त्यामुळेच. तापल्यावर मात्र तिच्यातले सोडियमचे आयन हलू लागतात आणि वीज वाहते. म्हणून सुरुवातीला वेगळ्या हीटरने काच तापवतात. पुढे इलेक्ट्रोडमधून रसातूनच वीज सोडून त्याला तापत ठेवतात. जी वीज उष्णता देते तीच बातमीही आणते. रोध उतरला आणि थर्मोकपलही चढले, तर रस जास्त तापला. थर्मोकपल स्थिर असून रोध मात्र आठवड्यांमागून आठवडे उतरत गेला, तर संशय तळाकडे जातो. रुथेनियम, ऱ्होडियम, पॅलेडियम काचेत नीट विरघळत नाहीत. ते गाळासारखे खाली बसतात आणि वीज काचेऐवजी त्या गाळातून वाहू लागते. जपानच्या रोक्काशो येथे चाचण्यांच्या काळात या गाळाने रसाची ओत अडवली. मग ढवळायला आत सोडलेली सळई २००८च्या डिसेंबरात वाकली आणि भट्टीच्या छताची एक वीट आत पडल्याचे आढळले. या चाचण्या पुऱ्या व्हायला २०१३ साल उजाडले.

रसावर न वितळलेल्या मालाची साय धरलेली असते. तिची देखरेख वरच्या पोकळीच्या तापमानावरून होते. साय पसरली की पोकळी थंड पडते, साय फाटून रस उघडा पडला की ती तापते. उघड्या रसातून सीझियम आणि रुथेनियम वाफेवाटे अधिक निसटतात, तेव्हा साय मोडू न देण्याइतका माल सतत पडत राहायला हवा. ट्रॉम्बेच्या कचऱ्यात आणखी एक अडचण होती. त्यात सल्फेट आहे, आणि नेहमीच्या काचेत ते फारच थोडे मुरते. उरलेले पिवळसर क्षाराच्या रूपाने वेगळे तरंगते, भट्टीचा धातू कुरतडते आणि पाण्यात विरघळणाऱ्या रूपात सीझियम ओढून घेते. त्यावर तोडगा मिळाला तो मोजमापात नव्हे, काचेतच: बेरियम घातलेली बोरोसिलिकेट काच.

काचेचे घटकच असे निर्णायक असल्याने देखरेखीचा खरा भार भट्टीच्या आधी पडतो. ओतलेली काच परत घेऊन सुधारता येत नाही. अमेरिकेत सव्हाना नदीकाठच्या प्रकल्पात १९९६पासून किरणोत्सारी काच ओतली जाते. तिथे भट्टीत जाण्याआधीच्या मिश्रणाचा नमुना तपासून गणिताने ठरवतात, की ११५० अंशांना रसाची श्यानता २० ते ११० पॉइजमध्ये, म्हणजे ढोबळमानाने मधाइतकी, राहील का आणि त्यात स्फटिक धरतील का. गणित जुळले नाही तर माल पुढे सोडत नाहीत. तिथली दुसरी भट्टी दोन वर्षांच्या हिशेबाने बांधलेली असून २००३ ते २०१७ चालली.

रसाची श्यानता भट्टीतच मोजण्याचा प्रयत्न मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी केला. सुमारे १३७ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे दोन मिलिमीटरांच्या आसपास लांबीच्या लहरी धातूच्या पोकळ नळीतून रसापर्यंत नेल्या. त्या धूर-धुळीतून आरपार जातात, त्यामुळे अवरक्त यंत्राप्रमाणे काजळणाऱ्या खिडकीची भीती राहत नाही. रसातून निघणाऱ्या लहरींवरून तापमान कळते. नळीत वर चढलेला रस दाब बदलल्यावर किती वेगाने सरकतो त्यावरून श्यानता.

ओतण्याच्या वेळी मात्र रस अखेर दिसतो. काही भट्ट्यांत तळाच्या तोंडाशी गोठलेली काचच बूच असते. तोंड तापवले की धार सुरू, थंड केले की बंद. सव्हाना नदीकाठी पोकळीतल्या दाबाच्या फरकाने रस ओढून घेतात आणि कॅमेऱ्यावर धार बघतात. धार डगमगली तर ती तोंडाच्या कडेला चिकटून गोठायची भीती. कॅनिस्टर कुठवर भरला हे बाहेरून अवरक्त कॅमेऱ्याने दिसते, कारण भरलेला भाग तेवढा लालबुंद उजळतो. अधूनमधून धारेतलाच नमुना घेऊन त्याची बारीक पूड करतात, ती ९० अंशांच्या पाण्यात सात दिवस ठेवतात आणि पाण्यात किती बोरॉन उतरले ते मोजतात. ठरवून दिलेल्या प्रमाण-काचेतून सुटणाऱ्या बोरॉनपेक्षा ते कमी भरावे लागते.