फॉर्ब्ससाहेब, दलपतराम आणि मुंबईची गुजराती सभा

फॉर्ब्स गुजराती सभा ही गुजराती साहित्यासाठी झटणारी महाराष्ट्रातली एक फार जुनी संस्था. मनसुखराम सूर्यराम त्रिपाठी यांच्या पुढाकाराने १८६५ मध्ये ती मुंबईत स्थापन झाली. जुन्या पोथ्या मिळवणे, त्या जपणे आणि चांगले ग्रंथ छापून वाचकांपर्यंत पोहोचवणे हे तिचे काम. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला अलेक्झांडर किनलॉक फॉर्ब्स यांचे पुण्यात निधन झाले आणि पुढे सभेला त्यांचेच नाव मिळाले.

फॉर्ब्स १८२१ मध्ये लंडनमध्ये जन्मले. आधी ते वास्तुशास्त्र शिकत होते, मग ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी सेवेत शिरले. १८४३ च्या अखेरीस ते मुंबईत उतरले आणि पहिली नेमणूक मिळाली ती अहमदनगरला, कलेक्टरचे साहाय्यक म्हणून. पुण्याहून नगरला जाणारा रस्ता शिरूरला घोडनदी ओलांडतो. म्हणजे ज्या साहेबाला गुजरातने आपले मानले, त्याची भारतातली ओळख घोड आणि भीमेच्या कोरड्या मुलखाशेजारीच सुरू झाली. १८४६ मध्ये ते अहमदाबादला साहाय्यक न्यायाधीश झाले. तिथली जुनी मंदिरे, वावी म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी आणि मशिदी पाहून त्यांना गुजरातच्या इतिहासाचा ध्यास लागला. सांगणारा मात्र कोणी हवा होता.

तो दलपतराम डाह्याभाई यांच्या रूपाने भेटला. भोळानाथ साराभाई यांनी नाव सुचवले आणि १८४८ मध्ये वढवाणचा हा तरुण कवी साहेबाला गुजराती शिकवायला आला. दलपतरामांना इंग्रजी येत नव्हते, साहेबाची गुजराती कच्ची होती. तरीही शिकवणी लवकरच मैत्रीत बदलली. त्याच वर्षी २६ डिसेंबरला फॉर्ब्स यांनी अहमदाबादेत गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटी उभी केली. ग्रंथालय, वर्तमानपत्र, मुलींचे शिक्षण, निबंधाची बक्षिसे अशी तिची कामे एकामागून एक वाढत गेली. भुताखेतांच्या समजुतींवर दलपतरामांनी लिहिलेला 'भूतनिबंध' याच बक्षिसाचा मानकरी. फॉर्ब्स यांनी एका ग्रीक सुखात्मिकेची गोष्ट सांगितली आणि दलपतरामांनी तिच्यावरून 'लक्ष्मी' नाटक लिहिले. गुजराती रंगभूमीच्या इतिहासात या नाटकाचे नाव अगदी आरंभी येते.

या मैत्रीचे खरे वैभव पोथ्यांच्या शोधात आहे. भाट-चारणांच्या घरी वंशावळी आणि रासे, जैन भांडारांत प्रबंध, मंदिरांच्या भिंतींवर शिलालेख, असे सगळे विखुरलेले होते. परक्या अंमलदाराला घराण्याची पोथी दाखवायला कोण सहज धजणार? तिथे दलपतरामांची कवी म्हणून असलेली पत कामी आली. ते गावोगाव फिरले, पोथ्या मिळवल्या, नकला करवून घेतल्या, अर्थ उलगडून दिले. १८५२ मध्ये इडरला कवींचा मेळावा भरला, त्याचे वर्णन दलपतरामांच्या 'फार्बसविलास'मध्ये आले आहे. या साऱ्या खटाटोपातून 'रासमाला' हा दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ १८५६ मध्ये लंडनला निघाला. त्यातली चित्रे फॉर्ब्स यांनी स्वतः काढलेली, वास्तुशास्त्राचे शिक्षण तिथे उपयोगी पडले. आजच्या कसोटीवर ग्रंथातला इतिहास आणि दंतकथा वेगळ्या करून वाचाव्या लागतात. पण लोकांच्या तोंडी असलेला इतिहास कागदावर आला नसता तर तो बराचसा बुडाला असता, हे त्याचे मोल कमी होत नाही. रणछोडभाई उदयराम यांनी केलेले या ग्रंथाचे गुजराती भाषांतर सभेच्या आश्रयाने प्रसिद्ध झाले.

फॉर्ब्स पुढे १८६२ मध्ये नव्या मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश आणि १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. दलपतरामांनी त्यांच्या मृत्यूनंतर 'फार्बसविरह' हे शोककाव्य लिहिले. एका न्यायाधीशासाठी कवीने असा शोक करावा, याची दुसरी उदाहरणे फार सापडणार नाहीत.

गुजराती छपाई आणि साहित्याची बाकी पार्श्वभूमी थोडक्यात अशी: फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ मध्ये मुंबईत छापखाना काढला, १८२२ मध्ये 'मुंबई समाचार' सुरू केला. गुजराती साहित्य परिषद १९०५ मध्ये अहमदाबादेत भरली, 'सरस्वतीचंद्र' कादंबरीचे लेखक गोवर्धनराम त्रिपाठी तिचे पहिले अध्यक्ष.

पुणे-नगर रस्त्यावरच्या शिरूरकडे आणि शेजारच्या दौंडकडे गुजराती भाषा पोहोचली ती मात्र व्यापाऱ्यांच्या वह्यांतून. सभा मुंबईत पोथ्या गोळा करत होती, त्याच काळात इकडे सावकारी कर्जाने शेतकरी गांजला होता. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने एका मारवाडी सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते आणि आजच्या दौंडचा भागही त्याच तालुक्यातला. सुप्यात गुजराती वाणी बरेच होते. लोकांनी कर्जरोखे आणि वह्या हिसकावून जाळल्या. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यामागे हाच उठाव आहे. या तालुक्यांच्या आठवणीत गुजराती म्हणजे खतावणी राहिली, यात नवल नाही. पण त्याच भाषेतल्या रासे-प्रबंधांची ओळख इथे झालीच नाही, ही हानी दोन्ही बाजूंची आहे.

उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. पुण्याचे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख न्यायखात्यातल्या नोकरीनिमित्त अहमदाबादेत राहिले, व्हर्नाक्युलर सोसायटीच्या कामात रमले, 'हितेच्छू' साप्ताहिक निघण्यामागे त्यांची प्रेरणा होती. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर तर मातृभाषा मराठी असून गुजराती गद्याचे मोठे लेखक झाले, त्यांना १९६५ मध्ये गुजरातीसाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लोक त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत.

सभेच्या हस्तलिखितांची सविस्तर नामावली अंबालाल बुलाखीराम जानी यांनी तयार केली. संशोधकाला ती आजही दिशा दाखवते. १९३६ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले. त्यात मध्ययुगीन काव्य, इतिहास आणि भाषा यांवरचे लेख आले. सभेचे कार्यालय आणि ग्रंथसंग्रह मुंबईत विलेपार्ल्याच्या पश्चिमेला, जुहू भागात आहे. राज्य सरकारनेही महाराष्ट्र राज्य गुजराती साहित्य अकादमी मुंबईतच स्थापली आहे.