बाल्साचे विमान: बांधणी घरातली, कसरत आकाशातली

मंडळाच्या गणेशोत्सवात मखर कापायचे असले की मला हमखास बोलावणे येते. माझ्याकडे चांगली सुरी आहे आणि ती सरळ चालते, अशी माझी ख्याती आहे. ही सुरी मूळची मखराची नव्हे, विमानाची, असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला: "विमान म्हणजे ते ड्रोनच ना?" पुरवणीसाठी ऐसपैस लिहायला सांगितले आहे, तेव्हा एकदाच सविस्तर उत्तर देऊन टाकतो.

ड्रोन नव्हे. ड्रोनच्या पोटातला संगणक त्याला सेकंदाला शेकडो वेळा सावरत असतो. तुम्ही हात काढलेत तरी ते हवेत जागच्या जागी थांबते. मी लिहितो आहे ते बाल्सा लाकडाच्या, रेडिओने चालवायच्या कसरती विमानाबद्दल. त्यावरून हात काढलेत तर त्याचे तोंड जिकडे असेल तिकडे ते जात राहते. तोंड जमिनीकडे असेल तर जमिनीकडे. त्याला सुलट-उलट ठाऊक नसते, आणि हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे.

नवशिक्यांचे विमान याच्या अगदी विरुद्ध असते. त्याचे पंख धडाच्या वर बसवलेले आणि टोकांना किंचित उचललेले असतात. एक बाजू खाली गेली की ते आपोआप सरळ होते. पंखाचा छेद खालून सपाट, वरून फुगीर. त्यामुळे सुलटे उडताना उचल भरपूर मिळते, पण उलटे केले की ते रुसते. कसरती विमानात हे सारे लाड काढून टाकलेले असतात. पंख धडाच्या मध्याजवळ, टोके जवळजवळ सपाट, छेद वरखाली सारखा. पंख, शेपूट आणि इंजिन हे तिन्ही साधारण एकाच रेषेत. असे विमान उलटे उडवताना एलिव्हेटरला किंचित खाली दाब दिला की पुरते. म्हणजे ते तुम्हाला मदतही करत नाही आणि विरोधही करत नाही. त्याच्या मोबदल्यात ते एकच गोष्ट मागते: बांधणीत बाक नको.

या जातीच्या विमानांना इतिहास आहे. रेडिओ-नियंत्रित कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये ड्यूबेनडॉर्फ येथे झाली आणि अमेरिकेच्या एड काझमिर्स्की यांनी ती जिंकली. १९६७ साली फिल क्राफ्ट यांच्या 'क्विक फ्लाय'ने बाजी मारली. १९७७ साली ऑस्ट्रियाचे हानो प्रेटनर 'क्युरारे' घेऊन जगज्जेते झाले. माझे विमान 'क्विक फ्लाय'च्या घराण्यातले आहे: पंखांची लांबी १४० सेंटीमीटर, रुंदी सरसकट २५, उड्डाणाच्या वेळचे वजन २ किलो २०० ग्रॅम.

हे खूळ डोक्यात पुन्हा शिरले ते २०२१च्या नोव्हेंबरात. आमचे घर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात आहे. एका बाजूला गोदामे आणि कारखाने, दुसऱ्या बाजूला आमच्यासारख्यांच्या इमारती, आणि शेजारीच अल मक्तूम विमानतळ. २०१३पासून दुबई एअर शो तिथेच भरतो. त्या वर्षी आपल्या हवाई दलाचा 'सूर्यकिरण' चमू आला होता. त्यांचा तळ बीदरला, म्हणजे आमच्या मिरजेच्या माणसाला जवळजवळ घरचाच. गच्चीवरून त्यांची विमाने पाहताना माझी मुलगी, तेव्हा दहा वर्षांची, म्हणाली, "बाबा, उलटं झाल्यावर ते खाली का पडत नाही?" कॉलेजात मी एन.सी.सी.च्या हवाई शाखेत होतो. तारेला बांधून गोल फिरवायची विमाने आम्ही तिथे उडवायचो. तिला तोंडी उत्तर देण्यापेक्षा करून दाखवावे असे वाटले.

याच प्रदर्शनात २०२५च्या नोव्हेंबरात आपले 'तेजस' कोसळले आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. मॉडेलवाल्यांनी आपली तुलना खऱ्या वैमानिकांशी करू नये, असे मला तेव्हापासून अधिकच वाटू लागले आहे. आमच्या विमानात कोणी बसलेले नसते. पणाला लागतात त्या फक्त आपल्या संध्याकाळी.

आता लाकडाकडे वळू. बाल्सा हातात घेतल्यावर पुष्कळांना ते बाशिंगाचे भेंडच वाटते, पण हे खरोखरीचे झाड आहे, दक्षिण अमेरिकेतले. जगातला बहुतेक बाल्सा इक्वेडोरहून येतो. आपल्या काटेसावरीचे ते भाऊबंद. झाड भराभर वाढते आणि पाण्याने भरलेल्या मोठ्या पेशी वाळल्यावर पोकळ राहतात. त्यातून हा हलकेपणा येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या 'मॉस्किटो' बाँबफेकी विमानाचे धड प्लायवुडच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा भरून केलेले होते, तेव्हा याला खेळण्याचे लाकूड समजू नये.

मात्र बाल्सा बाल्सात फरक असतो. एक मीटर लांब, दहा सेंटीमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड अशा दोन फळ्या दिसायला जुळ्या असतात. एक भरते ३० ग्रॅम, दुसरी ६०. म्हणून मी दुकानात जाताना स्वयंपाकघरातला काटा पिशवीत घालून नेतो. (हा काटा चकल्यांच्या दिवसांतच नेमका गायब असतो, अशी घरची तक्रार आहे.) हलकी फळी शेपटीला, मध्यम रिबांना, जड आणि चिवट ती ताण घेणाऱ्या जागी. शेपटीत एक ग्रॅम वाढला तर तो तोलण्यासाठी नाकात दोन-तीन ग्रॅम घालावे लागतात, कारण शेपूट गुरुत्वमध्यापासून लांब असते.

जागेची अडचण सगळेच सांगतात. कांदिवलीला चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर खरेखुरे सहा आसनी विमान बांधले आणि २०१६ साली 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. त्यापुढे माझी सामानाची खोली म्हणजे काहीच नव्हे. सपाट पाट तेवढा हवा. तो मला आमच्या पार्कातच मिळाला. काच कापणाऱ्या एका कारखान्यातून जाड काचेचा उरलेला तुकडा आणला. लाकडी दार उन्हापावसाने बाक धरते, काच धरत नाही. काचेवर आराखडा, त्यावर प्लास्टिकचा कागद, आणि त्यावर पंख.

रिबा चोवीस. पंखाची रुंदी सगळीकडे एकच असल्याने सोपे आहे: प्लायवुडचे दोन साचे करायचे, त्यांच्यामध्ये बाल्साचे तुकडे रचून बोल्टने आवळायचे आणि सगळी चवड एकदम घासायची. हे काम मुलीने केले. वरखाली फुगीर रिब काचेवर सपाट बसत नाही, म्हणून प्रत्येकीला खाली एक छोटा पाय ठेवायचा. पाय सगळे एकाच उंचीचे. पंख तयार झाला की कापून टाकायचे. या पायांतच पंखाचा सरळपणा असतो. २५ सेंटीमीटर रुंदीच्या पंखाला टोकाशी एक अंशाचा पीळ पडला, तर मागच्या कडेला तो चार मिलिमीटरहून थोडा जास्त दिसतो. अर्धा अंश असला तर दोनच. डोळ्याला तो कळत नाही, हवेला कळतो. असे विमान सरळ उडताना साळसूद असते. पण जोराने ओढून वर घेतले की ज्या टोकाचा कोन जास्त ते आधी उचल सोडते आणि विमान त्या अंगावर कोलमडते.

आता ताणाचा हिशेब सांगतो, कारण मला यातच खरी मौज वाटते. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने येणारे विमान ४० मीटर व्यासाचे उभे वर्तुळ मारायला लागले, तर वर्तुळाच्या तळाशी त्याचे वजन सुमारे चौपट होते. म्हणजे दोन किलोंच्या त्या पंखाने नऊ किलो उचलायचे. पंखाच्या वरच्या कडेचा लाकडी दांडा दाबला जातो, खालचा ताणला जातो. दोन फूटपट्ट्या एकमेकींवर ठेवून वाकवून पाहा: सहज वाकतात, आणि वाकताना एकमेकींवरून सरकतात. त्याच चिकटवून वाकवल्या तर वाकता वाकत नाहीत. पंखातले ते सरकणे थांबवण्यासाठी वरच्या आणि खालच्या दांड्यांच्या मध्ये, प्रत्येक दोन रिबांच्या फटीत, बाल्साची पातळ चीप बसवतात. तिचे रेषे उभे हवेत. आडवे ठेवले तर ती रेषेवर चिरते. ही चीप वजनाने ग्रॅमभर. घराच्या तुळईत जे काम गवंडी सळ्यांकडून करून घेतो, ते इथे या ग्रॅमभर लाकडाकडे असते.

काम निम्म्यावर असताना २०२२चा जानेवारी उजाडला. १७ तारखेला अबू धाबीवर हल्ला झाला आणि २२ तारखेला अमिरातीच्या गृहखात्याने हौशी ड्रोन आणि हलकी क्रीडाविमाने उडवण्यावर बंदी घातली. कारण उघड होते आणि तक्रारीला जागा नव्हती. एरवीही आमच्या पार्कातल्या मोकळ्या मैदानात काहीही उडवण्याचा प्रश्न नव्हता. विमानतळ शेजारी आहे. पण आता नोंदणी झालेल्या मैदानांवरही शांतता पसरली. घरात दोन मते पडली. ज्याला आकाश नाही ते बांधायचे कशाला, हे एक. लेक म्हणाली, "आपण मिरजेला उडवू." तिचे मत टिकले, आणि त्यामुळे आराखडा बदलला. १४० सेंटीमीटरचा अखंड पंख विमानात सामान म्हणून जाईना. तेव्हा पंखाचे दोन भाग केले आणि जोडायला ॲल्युमिनियमची नळी घातली.

मग उन्हाळा आला. इथला ऑगस्ट सांगायला नको. बाल्कनीचे दार उघडले की चष्म्यावर वाफ धरते. बाल्सा ती वाफ पितो, आणि एका बाजूने जास्त प्यायला की वळतो. म्हणून ए.सी.च्या खोलीतच बांधणी, आणि लाकूड दोन दिवस त्या खोलीत मुरल्यावरच कापणी. वरून चढवायची रंगीत फिल्म इस्त्रीने ताणतात. ती आक्रसताना पंखाला पीळ देऊ शकते, तेव्हा आधी खालची बाजू, मग वरची, आणि मध्येमध्ये काचेवर ठेवून तपासणी. धड जोडताना शेपटीच्या टोकापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत दोरा लावून अंतर सारखे करायचे. गुण्या आणि ओळंबा एवढ्यावर हे काम होते.

तोल दोन प्रकारचा. पुढचा-मागचा सगळे पाहतात: पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेसात सेंटीमीटरवर बोटे टेकवून विमान आडवे राहिले पाहिजे, नाहीतर बॅटरी पुढेमागे सरकवायची. उजवा-डावा तोल पुष्कळजण विसरतात. समजा उजवा पंख जड आहे. सरळ उडताना एलेरॉनची थोडी दुरुस्ती देऊन तो झाकता येतो. पण वर्तुळात वजन चौपट झाले की तीच दुरुस्ती अपुरी पडते, आणि विमान उलटे केले की ती चुकीच्या बाजूला काम करू लागते. उपाय फुटकळ आहे: हलक्या टोकात एक लहान खिळा.

इंजिन आणि रेडिओबद्दल थोडक्यात. पूर्वी मिथेनॉल आणि एरंडेल तेलावर चालणारी इंजिने असत. त्या वासाची आठवण अजून येते. आता विजेची मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी. ही बॅटरी उन्हाळ्यात बंद मोटारीत कधीही ठेवू नये, फुगते, पेटतेही. प्रवासाची कटकट नको म्हणून मी बॅटऱ्या पुण्यात घेतल्या.

२०२३च्या जानेवारीत मिरजेजवळच्या आमच्या काकांच्या शेतात, ज्वारी नसलेल्या तुकड्यावर, विमान उडाले. काका म्हणाले, "पोरा, वीज तारेवरनं येती, लांब ऱ्हा." बरोबरच होते, तारांपासून लांब गेलो. विमान हातभर धावून उचलले. ताशी ३५-४० किलोमीटरच्या खाली हा पंख उचल सोडतो, म्हणून वेग राखून पहिली दोन वळणे घेतली, उंची कमावली आणि वर मोटर बंद करून ते कसे बसते ते आधी पाहून घेतले. मग उभे वर्तुळ. खालून वर, पाठीवर, आणि परत खाली. बाहेर पडताना पंख आडवेच होते. मग अर्धी गिरकी देऊन उलटे केले आणि काडी लेकीच्या बोटाखाली दिली, माझे बोट वर ठेवून. किती कमी दाबावे लागते ते तिला कळावे म्हणून. "एवढंच?" असे ती म्हणाली. खाली का पडत नाही याचे उत्तर तिला बोटातून मिळाले: पंखाला वर-खाली ठाऊक नाही, हवेशी कोन राखला की तो उचलतो.

एक उणीव राहिली होती. सरळ उभे चढताना विमान डावीकडे कलत होते. पंख्याची फिरणारी हवा शेपटीला ढकलते, म्हणून मोटरचे तोंड मुळातच दोन अंश उजवीकडे ठेवलेले असते; इथे ते थोडे कमी पडले. मोटरच्या डाव्या बाजूच्या दोन बोल्टांखाली एकेक वॉशर घातला. दुसऱ्या दिवशी रेघ सरळ गेली.

अमिरातीतली बंदी २०२४च्या नोव्हेंबरापासून टप्प्याटप्प्याने उठवायला सुरुवात झाली. तरी नोंदणी, परवानगी आणि नेमून दिलेली जागा या तिन्हींवाचून कोणी काही उडवू नये. दंड आणि नोकरी दोन्ही लक्षात ठेवावे. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर हात बसवावा, मग पंख वर असलेले नवशिक्यांचे विमान, आणि त्यानंतर हे. रिबांचे दोन्ही साचे मी मंडळाच्या कपाटात ठेवून देतो. हवे त्यांनी न्यावेत, मात्र चवड घासून झाली की परत आणून ठेवावेत.