लिलावानंतरचे शहाणपण

लग्न मोडल्यावर पत्रिकेतला दोष दाखवणारे आणि हंगाम संपल्यावर लिलावातली चूक सांगणारे, या दोघांचे भाकीत म्हणून कधी खोटे ठरत नाही! आमच्या पडघ्यात या दुसऱ्या प्रकारच्या शास्त्रीबुवांना तोटा नाही. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि घरोघरी एकेक परीक्षक निपजला.

आमचे शेजारी अण्णा त्यांतले अग्रणी. "मास्तर, मुंबईने सिद्धार्थला सोडला, तिथेच सगळा घात झाला!" हे त्यांचे पालुपद.

आधी अण्णांची बाजू ऐका. कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ च्या लिलावात यू मुंबाला ३६ लाख ४० हजारांत मिळाला. पोराने पहिल्याच हंगामात दोनशेहून अधिक गुण लुटले. पुढच्या लिलावात मात्र तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजून त्याला नेले. तिथेही त्याने दोनशेचा पल्ला ओलांडला. हातचा हिरा गेला, असे कोणीही म्हणेल.

पण वाचकहो, मैदानावर खेळाडू सात असतात. त्या वर्षी प्रत्येक संघाला साऱ्या खेळाडूंवर मिळून ४ कोटी ४० लाख खर्चायची मुभा होती. तिजोरीचा तिसरा हिस्सा एका चढाईपटूवर गेला, तर पकडी करायला चांगली माणसे आणायची कुठून? २०१९ चा हंगाम संपला तेव्हा टायटन्स बारा संघांत अकरावे होते. सिद्धार्थविना खेळलेली मुंबई उपांत्य फेरीत पोचली आणि बंगालकडून अवघ्या दोन गुणांनी हरली.

म्हणजे मुंबईवाले फार दूरदर्शी होते काय? तसेही म्हणवत नाही. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. बोली लावताना तो गुडघा कुणाला दिसणार होता? पुढे नरेंदर नावाच्या नवख्या पोराने चढायांची धुरा उचलली आणि तोच संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला! उलट, ज्या प्रदीप नरवालला बेंगळुरूने २०१५ नंतर राखले नाही, त्याने पाटण्याला लागोपाठ तीन विजेतेपदे मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला.

म्हणून निवडीची परीक्षा करताना मी दोनच गोष्टी विचारतो. त्या दिवशी काय ठाऊक होते? आणि तेवढ्या पैशांत दुसरे काय करता आले असते? पुढे काय घडले, ते नशिबाच्या खात्यावर.

अण्णांशी मी इतका वाद घालतो, त्याला कारण आहे. शाळेच्या संघासाठी दरसाल तीसेक मुलांतून मला बारा निवडावी लागतात. यंदा संघ हरला, तेव्हा मैदानाबाहेरच्या मंडळींनी एका चौदा वर्षांच्या पोराला त्याच्यादेखत 'चुकीची निवड' ठरवले. पोर चार दिवस सरावाला फिरकले नाही. मी घरी गेलो, तर त्याची आई म्हणाली, "मास्तर, त्याला आता खेळायचंच नाही म्हणतो."

पाचव्या दिवशी तो आला. कोणाशी न बोलता त्याने रेषेला हात लावला आणि चढाईला गेला. लिलावातल्या खेळाडूला निदान बोलीचे पैसे तरी मिळतात. आमच्या पोरांच्या वाट्याला नुसताच निकाल येतो. यंदाच्या दिवाळीत फराळाबरोबर हंगामाची चर्चा रंगेल, तेव्हा जवळपास एखादे पोर कान देऊन उभे नाही ना, एवढे मात्र पाहा!