समीक्षकांआधी श्रोत्यांचा कौल

‘व्हॉटएव्हर पीपल से आय ॲम, दॅट्स व्हॉट आय ॲम नॉट’ हा ‘आर्क्टिक मंकीज’ या ब्रिटिश रॉक बँडचा पहिला अल्बम जानेवारी २००६ मध्ये प्रकाशित झाला. पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये त्याच्या ३ लाख ६३ हजारांहून अधिक प्रती खपल्या. पदार्पणाच्या अल्बमसाठी तिथला तो तेव्हाचा विक्रम. शेफील्डच्या या तरुणांनी आपली गाणी सीडींवर उतरवून कार्यक्रमांत फुकट वाटली होती. चाहत्यांनी ती इंटरनेटवरून पसरवली. समीक्षकांनी लेखणी उचलण्यापूर्वीच श्रोत्यांचा कौल लागला होता, तो असा.

‘एनएमई’ या संगीत साप्ताहिकाने तर त्याच महिन्यात या अल्बमला सर्वकालीन श्रेष्ठ ब्रिटिश अल्बमच्या यादीत थेट पाचवे स्थान दिले. ही घाईच म्हणावी लागेल. गंमत अशी की, यादीत अग्रस्थानी होता ‘द स्टोन रोझेस’चा १९८९ मधील पदार्पणाचा अल्बम, ज्याचे प्रारंभीचे स्वागत बेताचेच होते!

तरीही ही स्तुती निव्वळ लाटेवरची नव्हती. गायक-गीतकार ॲलेक्स टर्नरने शनिवार-रविवारच्या रात्री, क्लबच्या दारावरचे पहारेकरी, टॅक्सीतली वादावादी यांचे केलेले बोचरे चित्रण समीक्षकांना मनापासून भावले. सप्टेंबर २००६ मध्ये परीक्षकांनी प्रतिष्ठेचे मर्क्युरी पारितोषिक याच अल्बमला दिले.