वर्गणीतून उभी राहिलेली शाळा

गावातील ऐतिहासिक वास्तू म्हटले की आपणांस लेणी, गढ्या आणि वाडे आठवतात. परंतु ज्या समाजास पिढ्यान् पिढ्या विद्येपासून दूर ठेवले गेले, त्याच्या दृष्टीने गावातील पहिली शाळा हीच पहिली ऐतिहासिक वास्तू होय. याचे एक उदाहरण आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील नोटासल्गा या छोट्या गावाजवळ शायलो चर्च, त्याची दफनभूमी आणि लगतची रोझेनवाल्ड शाळा असा परिसर आहे.

या शाळांचा आरंभ १९१२ साली झाला. टस्कीगी संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या देणगीतून ग्रामीण कृष्णवर्णीय मुलांसाठी सहा शाळा बांधण्याचे ठरविले. नोटासल्गा हे त्यांपैकीच एक ठिकाण. शायलोची आजची इमारत मात्र त्यानंतरच्या दशकातील आहे. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या.

देणगीला एक अट होती : स्थानिक लोकांनी आपला वाटा उचललाच पाहिजे. खंडाने शेती करणाऱ्या कुटुंबांनी पैसे दिले. ज्यांच्यापाशी पैसे नव्हते त्यांनी लाकूड, जमीन किंवा श्रम दिले. या रीतीने कृष्णवर्णीयांनी सुमारे ४७ लाख डॉलर उभे केले. रोझेनवाल्ड यांची रक्कम सुमारे ४३ लाख होती, म्हणजे दात्याहून गरिबांचाच वाटा अधिक होता. शिवाय हे लोक सरकारला करही भरीत होते; त्या पैशातून गोऱ्यांच्या शाळांना भरभरून मिळे. आपल्या मुलांच्या शाळेसाठी त्यांनी अशा प्रकारे दुहेरी कर भरला, असेच म्हणावे लागेल.

इमारतींची रचनाही विचारपूर्वक केलेली होती. वीज नसल्यामुळे उंच खिडक्या ओळीने एकत्र बसवीत आणि वर्गात पूर्वेचा वा पश्चिमेचा उजेड यावा अशी दिशा धरीत. अनेक शाळांत दोन वर्गांमधील सरकता पडदा बाजूला केला की गावसभेसाठी दालन तयार होई.

या परिसराला एक वेदनादायक बाजूही आहे. १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्य खात्याने या जिल्ह्यातील सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंश रोगाचा अभ्यास केला आणि रुग्णांना जाणूनबुजून उपचारांपासून वंचित ठेवले. त्यांपैकी अनेकांचे दफन शायलोच्या भूमीत झाले आहे. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी याबद्दल क्षमा मागितली.

१९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने विभक्त शाळा घटनाबाह्य ठरल्या. न्याय मिळाला; पण त्यानंतरच्या वर्षांत या इमारती ओस पडल्या आणि बहुसंख्य नष्ट झाल्या. २००२ साली त्यांचा समावेश धोक्यातील वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत झाला. शायलोची नोंद २०१० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत झाली.

पहिली शाळा बांधली जात होती त्याच वर्षी, १९१३ मध्ये, बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले होते. आपल्याही वस्त्यांत वर्गणीतून आणि श्रमदानातून उभी राहिलेली विहारे, वसतिगृहे व शाळा आहेत. नवी इमारत बांधण्यासाठी जुनी पाडण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे, वर्गणीची वही जपावी आणि वृद्धांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात, अशी आमची वाचकांस विनंती आहे. कारण शिक्षण हे कोणाचे दान नव्हते, याचा पुरावा त्या वहीतच असतो.