मोटार अपघात नुकसानभरपाईचा फेटाळलेला दावा आणि अपिलाचा मार्ग : दुधनी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे कर्नाटकच्या सीमेवरील बाजारपेठेचे गाव. आळंद, गाणगापूर, कलबुर्गी या दिशांनी येथील लोकांची नित्य ये-जा असते. परिणामी अपघात एका राज्यात व मृताचे कुटुंब दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती संभवते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 166 नुसार अर्जदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडेही दावा करता येतो. म्हणजेच अपघात कर्नाटकात झाला तरी सोलापूर येथे दाद मागता येते. मात्र दावा फेटाळला गेल्यास पुढे काय, याविषयी अज्ञान दिसते. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

नामंजुरीचे स्वरूप :
सर्वप्रथम निकालपत्र वाचणे आवश्यक ठरते. गैरहजेरीमुळे दावा काढून टाकला असल्यास त्याच न्यायाधिकरणाकडे पुनःस्थापनेचा अर्ज करावा लागतो. निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही किंवा वाहनाची ओळख पटली नाही, अशा गुणवत्तेच्या कारणांवर दावा फेटाळला असेल तरच अपिलाचा प्रश्न येतो. फौजदारी खटल्याइतका कठोर पुरावा येथे अपेक्षित नसतो. संभाव्यतेचे पारडे कोणत्या बाजूस झुकते हे पाहिले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्पष्ट केले आहे. न्यायाधिकरणाने याहून कठोर कसोटी लावली असेल, तर तो अपिलातील महत्त्वाचा मुद्दा ठरतो.

अपिलाची पद्धती :
कलम 173 नुसार निवाड्याच्या दिनांकापासून 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करावे लागते. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. वादातील रक्कम एक लाख रुपयांहून कमी असल्यास अपील चालत नाही. रक्कम आगाऊ भरण्याची अट भरपाई देण्यास बांधील असलेल्या पक्षास आहे, वारसांस नाही. सोलापूर जिल्ह्यातील अपिले पूर्वी मुंबईस जात. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर येथील सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाल्याने हे अंतर घटले आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते.

अपिलाचे मोल :
उदाहरणादाखल, मृत व्यक्ती 32 वर्षांची, स्वयंरोजगारी, मासिक उत्पन्न 10,000 रुपये व अवलंबित चार असे मानू. प्रणय सेठी निर्णयानुसार (2017) भावी वाढ 40 टक्के धरल्यास 14,000 रुपये होतात. सरला वर्मा निर्णयानुसार (2009) वैयक्तिक खर्चाचा एक चतुर्थांश वजा जाता 10,500 उरतात. वार्षिक 1,26,000 रुपयांस 16 ने गुणता 20,16,000 रुपये येतात.

समारोप :
फेटाळलेला दावा हा अंतिम शब्द नव्हे. परंतु 90 दिवसांची मुदत शोकासाठी थांबत नाही. म्हणून निकालाची प्रमाणित प्रत तत्काळ मागविणे व तालुका विधी सेवा समितीकडे जाणे, ही माहिती महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांमार्फत घरोघर पोहोचविणे इष्ट ठरेल.