बडोद्यात ‘आरटी’चं काम मिळालंय? मग आधी बिल्ला मागा

नंदुरबार : आयटीआय झालेली आपल्याकडची पोरं नवापूर ओलांडून सुरत, अंकलेश्वर, बडोद्याला कामाला जातात, यात नवीन काही नाही. बडोद्याच्या मकरपुरा, सावली भागात प्रेशर व्हेसल, टाक्या, मोठे पाइप बनवणारे कारखाने आहेत. वेल्डिंगचा जोड आतून नीट भरलाय का, हे बघायला त्याचा एक्स-रेसारखा फोटो काढतात. शॉपवर त्याला ‘आरटी’ म्हणतात, म्हणजे रेडिओग्राफी टेस्टिंग. हे काम बहुतेक रात्री चालतं. का, तर तेव्हा आजूबाजूला माणसं कमी असतात म्हणून. यातच काय ते समजा.

या कामाच्या कॅमेऱ्यात इरिडियम-१९२ या किरणोत्सारी धातूची हरभऱ्यापेक्षा लहान गोळी असते. लांबून हँडल फिरवलं की ती केबलच्या टोकाला नळीतून बाहेर जाते, फोटो झाला की परत आत. कधी ती अडकते, क्वचित केबलपासून सुटून खाली पडते. फेब्रुवारी १९९९ मध्ये पेरू देशात यानांगो इथल्या जलविद्युत प्रकल्पावर एका वेल्डरला अशीच सुटलेली गोळी दिसली. काय आहे ते न कळल्यानं त्यानं ती पँटच्या मागच्या खिशात टाकली. काही तासच ती खिशात होती, पण त्याचा पाय कापावा लागला. हात लावला तेव्हा ना चटका, ना वास. त्रास नंतर सुरू होतो.

घसाऱ्याचं गणित

‘जुनी झाली की गोळी निकामी होते ना?’ असं पोरं विचारतात. मी कॉमर्सचा माणूस, म्हणून घसाऱ्याच्या भाषेत सांगतो. घटत्या शिल्लक पद्धतीत दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्केवारी लागते, त्यामुळे खात्यावर किंमत शून्य कधीच होत नाही. किरणोत्साराचंही तसंच. इरिडियमची ताकद ७४ दिवसांत निम्मी होते, पुढच्या ७४ दिवसांत त्याच्या निम्मी. अशा दहा फेऱ्यांनंतर साधारण हजारावा हिस्सा उरतो. थायरॉइडच्या उपचारात वापरतात त्या आयोडीन-१३१ ला एका फेरीला ८ दिवस लागतात, म्हणून दवाखाने तो कचरा आणि सांडपाणी काही आठवडे साठवून मगच सोडतात. कोबाल्ट-६० ला मात्र एका फेरीला सव्वापाच वर्षं लागतात.

दिल्लीच्या मायापुरीत नेमकं हेच नडलं. दिल्ली विद्यापीठातलं कोबाल्टचं यंत्र १९८५ पासून बंद होतं. २०१० मध्ये ते भंगारात विकलं गेलं आणि मायापुरीच्या बाजारात तोडलं गेलं. पंचवीस वर्षांत ताकद सुमारे २७ व्या हिश्श्यावर आली होती, तरी एक कामगार दगावला आणि बाकीच्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. शोधकामाला अणुऊर्जा खात्याच्या पथकांबरोबर एनडीआरएफचे जवान होते. अशा जागेची सफाई म्हणजे झाडू मारणं नव्हे. आधी परिसर बंद करायचा, मीटर घेऊन इंच इंच तपासायचं, सापडलेला तुकडा लांब चिमट्यानं उचलून शिशाच्या जाड भांड्यात ठेवायचा, लागलं तर मातीही खरवडून न्यायची. एनडीआरएफची सहावी बटालियन बडोद्याजवळ जरोदला आहे. पूर-भूकंपाबरोबर किरणोत्सारी आपत्तीही या दलाच्या कामात येते.

बडोद्याचा या विषयाशी संबंध तसा जुना. तिथला जड पाण्याचा कारखाना १९७७ चा. (जड पाणी स्वतः किरणोत्सारी नसतं, अणुभट्टीत वापरल्यावर होतं.) गाजरावाडीच्या सांडपाणी केंद्रावर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मदतीनं १९९२ च्या सुमारास कोबाल्टच्या किरणांनी गाळातले जंतू मारण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यानं गाळ किरणोत्सारी होत नाही. उन्हात वाळवलेली पापडी उजेड देत नाही, तसंच ते.

ट्रेनिंगचे दोन रस्ते

पहिला रस्ता कारखान्याचा. इथं फसवणुकीला जागा आहे म्हणून नीट वाचा. दहा-पंधरा दिवसांत ‘लेव्हल-टू’चं सर्टिफिकेट देणारे क्लास पुष्कळ आहेत. ते सर्टिफिकेट जोड तपासण्याचं, फिल्म वाचण्याचं. गोळीचा कॅमेरा चालवायचा तर अणुऊर्जा नियामक मंडळाला मान्य असलेलं रेडिओग्राफरचं किरणसुरक्षा प्रशिक्षण लागतं, आणि साइटवर किरणसुरक्षा अधिकारी लागतो. फी भरण्याआधी क्लासवाल्याला सरळ विचारा : यावर सोर्स हाताळता येतो का? उत्तर गोलगोल आलं तर पैसे खिशातच ठेवा. हे ट्रेनिंग नुसतं कॅमेऱ्याचं नसतं. गोळी अडकली तर काय करायचं, वापरलेली गोळी पुरवठादाराकडे परत कशी पाठवायची, नोंद कशी ठेवायची, हेही त्यात येतं. जुनी गोळी गोदामात टाकून देता येत नाही, भंगारात तर नाहीच.

दुसरा रस्ता सरकारी. भाभा केंद्र आणि अणुऊर्जा महामंडळ ‘स्टायपेंडरी ट्रेनी’ भरतात. डिप्लोमा, बीएस्सी यांची एक कॅटेगरी, आयटीआय आणि बारावी सायन्सची दुसरी. साधारण दोन वर्षं स्टायपेंडवर शिकायचं, मग नोकरी. तारापूर आपल्याच राज्यात, काकरापार तर व्याऱ्यापासून जवळ. तारापूरला अतिकिरणोत्सारी द्रव कचरा वितळलेल्या काचेत मिसळून स्टीलच्या डब्यांत बंद करतात. कमी तीव्रतेचा कचरा जमिनीलगतच्या काँक्रीटच्या चरांत जातो. ही कामं आयटीआयवाल्या फिटर-इलेक्ट्रिशियनशिवाय होत नाहीत. जाहिरात आली की आपली पोरं पोलीस भरतीच्या नादात ती बघतही नाहीत, याचं वाईट वाटतं.

आता बिल्ल्याचं. किरणांजवळ काम करणाऱ्याला छातीवर टीएलडी बिल्ला मिळालाच पाहिजे. अंगावर किती किरण पडले ते त्यात नोंदतं. ठरावीक काळानं, साधारण तीन महिन्यांनी, तो तपासणीला जातो. कामगाराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, एका वर्षात ३० च्या वर कधीच नाही. सामान्य माणसासाठी ती वर्षाला १ आहे. आणि अठरा वर्षांखालच्याला हे काम देताच येत नाही. ‘तू फक्त हेल्पर आहेस, तुला कशाला बिल्ला’ असं ठेकेदार म्हणाला, तर दोरीच्या आत पाय ठेवू नका. किरण पद बघून पडत नाहीत.

भंगारवाल्या भाऊंनीही एक चिन्ह लक्षात ठेवावं : पिवळ्यावर काळा किंवा गडद जांभळा, तीन पात्यांचा पंखा. असं चिन्ह असलेला किंवा आकाराच्या मानानं फारच जड असा डबा आला तर तो तोडू नका, उघडू नका, घरात ठेवू नका. लांब व्हा, बाकीच्यांनाही लांब करा आणि ११२ वर फोन करून चिन्ह कसं दिसतं ते सांगा.